जुन्या पीसीला १.४४ एमबीचा ड्राइव्ह लावला, पण तो ७२० केबीच्याच फ्लॉप्या वाचतो: दोष कुठे शोधायचा?

एक्सटी किंवा सुरुवातीच्या एटी वर्गातल्या (आयबीएमच्या १९८० च्या दशकातल्या नमुन्यांच्या) पीसीला साडेतीन इंची १.४४ एमबीचा फ्लॉपी ड्राइव्ह जोडला की ठरावीक तक्रारी येतात. ७२० केबीची फ्लॉपी वाचली जाते, १.४४ ची नाही. फॉरमॅट सुरुवातीलाच 'ट्रॅक ० बॅड' म्हणून थांबते. फ्लॉपी बदलली तरी यादी आधीच्याच फ्लॉपीची दिसते. मग ड्राइव्ह बदलून पाहिला जातो, दुसराही तसाच वागतो, तिसराही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो आणि दोष त्याच्या अलीकडे असतो: ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डात, बायोसमध्ये (यंत्राच्या चिपमध्ये कायमचा असलेला मूळ प्रोग्राम), डॉस या कार्यप्रणालीच्या सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करा. ड्राइव्हला सर्वांत शेवटी हात लावा.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे.)

आधी कंट्रोलरचा वेग

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. ३६० केबी आणि ७२० केबीच्या फ्लॉप्यांवर माहिती सेकंदाला २५० किलोबिट वेगाने लिहिली जाते, १.२ एमबी आणि १.४४ एमबीसाठी हा वेग ५०० किलोबिट लागतो. साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे एका फेऱ्याला ०.२ सेकंद. २५० किलोबिटने त्या वेळात ५०,००० बिट, म्हणजे ६,२५० बाइट बसतात. त्यात ५१२ बाइटचे ९ सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे (४,६०८ बाइट) आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा आरामात मावतात. १८ सेक्टरना ९,२१६ बाइट नुसत्या माहितीलाच हवेत. ते ६,२५० मध्ये बसणार नाहीत, मग डॉसमध्ये कोणतीही ओळ लिहा. कार्ड ५०० किलोबिट देत नसेल तर १.४४ चा विषय तिथेच संपला.

मूळ पीसी (१९८१) आणि एक्सटी (१९८३) यांच्या फ्लॉपी कार्डांना फक्त २५० किलोबिट येते. १.२ एमबीचा ड्राइव्ह १९८४ मध्ये एटीबरोबर आला आणि ५०० किलोबिटचे कार्डही तेव्हाच आले. एक्सटीच्या जुळ्या यंत्रांमधली बहुतेक कार्डेही २५० वरच थांबतात.

कार्ड ओळखायचे कसे? चिपचे नाव एकटे पुरेसे नाही, आणि इथे भलेभले फसतात. एनईसीची ७६५ किंवा इंटेलची ८२७२ए ही चिप ५०० किलोबिट करू शकते. एटीचे मूळ कार्डही ७६५ वरच चालते. अडते ते तिच्या भोवतीच्या घड्याळ-मंडलामुळे आणि वाचलेला सिग्नल वेगळा काढणाऱ्या भागामुळे, कारण एक्सटी कार्डात ते दोन्ही एकाच वेगाला बांधलेले असतात. त्यामुळे घड्याळाचा वेग ठरवणारे क्रिस्टल पाहा. वेस्टर्न डिजिटलची ३७सी६५ चिप असेल आणि शेजारी १६ व ९.६ मेगाहर्ट्झ असे दोन क्रिस्टल असतील तर कार्ड वरच्या वेगाचे आहे (९.६ चा क्रिस्टल ३०० किलोबिटसाठी असतो, त्याचे काम पुढे येईल). इंटेलची ८२०७७एए आणि २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तेही चालेल. ७६५ आणि एकच क्रिस्टल दिसला तर कार्ड २५० चेच आहे असे धरून चला.

कार्ड बदलायचे तर दोन मार्ग आहेत. पहिला, स्वतःचा रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) असलेले ८-बिट हाय डेन्सिटी, म्हणजे १.२ व १.४४ एमबीचे, फ्लॉपी कार्ड. दुसरा, एटी काळातले १६-बिट मल्टी आय/ओ कार्ड ८-बिट स्लॉटमध्ये बसवणे. फ्लॉपीला लागणाऱ्या आयआरक्यू ६ (प्रोसेसरला हाक मारणारी) आणि डीएमए २ (माहिती थेट मेमरीत नेणारी) या दोन्ही रेषा ८-बिट भागातच असल्याने फ्लॉपीचा भाग सहसा चालतो. कार्डाचा मागचा भाग स्लॉटबाहेर लटकतो; तो मदरबोर्डवरच्या कशालाही टेकत नाही ना, हे पाहा. त्यावरचा आयडीई, म्हणजे हार्ड डिस्कचा भाग तिथे चालणार नाही, तो जम्परने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) बंद करा. सीरियल आणि पॅरलल पोर्ट यंत्रात आधीच असतील तर तेही बंद करा.

जुने फ्लॉपी कार्ड काढून टाका किंवा त्याचा फ्लॉपी भाग बंद करा. दोन्ही ३एफ० ते ३एफ७ हेच पत्ते वापरतात. दोन्ही चालू राहिली तर पीसी सुरू होताना ६०१ ही चूक दाखवतो किंवा कधी चालतो, कधी नाही. हा दुसरा प्रकार जास्त छळतो.

बायोसला ड्राइव्ह माहीत आहे का?

कार्ड योग्य असले तरी त्याला वेग सांगायचे काम बायोसचे. एटी पद्धतीत वेग ३एफ७ या पोर्टवर लिहिला जातो: ०० म्हणजे ५००, ०१ म्हणजे ३००, १० म्हणजे २५०. एक्सटीचा बायोस या पोर्टकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून एक्सटीमध्ये नुसते चांगले कार्ड घालून भागत नाही; फ्लॉपीचे काम आपल्या हाती घेणारा रॉम हवाच, मग तो कार्डावरचा असो किंवा १.४४ जाणणारा बदली बायोस.

या जोड-रॉमच्या दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, पत्त्यांची टक्कर. एक्सटीच्या हार्ड डिस्क कार्डाचा रॉम सहसा सी८००० वर असतो. फ्लॉपी कार्डाचा रॉमही तिथेच ठेवला तर दोन्ही गेले. त्याला सीसी००० किंवा डी०००० वर हलवा. दुसरी अडचण फक्त मूळ पीसीची, म्हणजे ५१५० ची: त्याच्या १९८१ च्या दोन्ही बायोसना जोड-रॉम शोधताच येत नाही. ती सोय २७ ऑक्टोबर १९८२ च्या बायोसपासून आली. यंत्र जुन्या बायोसचे असेल तर कार्ड कितीही उत्तम असो, त्याचा रॉम सुरूच होणार नाही. रॉम दिसतो का हे डॉसबरोबर येणाऱ्या डीबग या प्रोग्राममध्ये 'डी सीसी००:०' (किंवा तुमचा पत्ता) देऊन पाहा. पहिले दोन बाइट ५५ एए असायला हवेत. एफएफ एफएफ दिसले तर रॉमचा जम्पर, पत्ता किंवा चिप नीट बसली आहे का ते तपासा.

एक्सटी मदरबोर्डवर ड्राइव्हची संख्याही सांगावी लागते. पहिल्या स्विच-पट्टीवरचे ७ आणि ८ हे स्विच त्यासाठी आहेत: दोन्ही चालू म्हणजे एक ड्राइव्ह, ७ बंद, ८ चालू म्हणजे दोन. दुसरा ड्राइव्ह जोडून हा स्विच तसाच ठेवणे ही साधी चूक आहे. मग डॉस एकाच ड्राइव्हला ए आणि बी दोन्ही नावे देतो आणि फ्लॉपी बदलायला सांगत बसतो.

एटीत हे काम सेटअपमध्ये, म्हणजे यंत्राची जुळणी नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये होते. मूळ एटीच्या पहिल्या बायोसला (१० जानेवारी १९८४) साडेतीन इंची ड्राइव्ह ठाऊकच नाही; १५ नोव्हेंबर १९८५ च्या बायोसला १.४४ समजतो. हा बायोस सम आणि विषम अशा दोन चिपांत विभागलेला असतो. बदलताना दोन्ही एकाच तारखेच्या घ्या आणि जागा उलटवू नका. सेटअपमध्ये १.४४ चा पर्यायच नसेल तर १.२ एमबी निवडून काम चालवायचा मोह टाळा. वेग जुळतो, पण बायोस १५ सेक्टर धरून चालतो आणि फॉरमॅट बिनसतो. तिथेही जोड-रॉम हाच सरळ उपाय. आणि सेटिंग दर वेळी पुसले जात असेल तर आधी मदरबोर्डची बॅटरी बदला.

डॉसच्या बाजूचे दोन सापळे

आवृत्ती पाहा. १.२ एमबी डॉस ३.० पासून, ७२० केबी ३.२ पासून, १.४४ एमबी ३.३ पासून. खालच्या आवृत्तीवर बाकी सगळे बरोबर असूनही १.४४ फॉरमॅट होणार नाही.

बायोस ड्राइव्हचा प्रकार बरोबर सांगत असेल तर कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) काहीही लिहायची गरज नाही. तसे होत नसेल तेव्हाच ही ओळ:

ड्राइव्हपार्म=/डी:१ /एफ:७

/डी:१ म्हणजे बी ड्राइव्ह (ए साठी ०), /एफ:७ म्हणजे १.४४. ७२० केबीसाठी /एफ:२, १.२ एमबीसाठी /एफ:१. /एफ लिहायचे राहिले तर डॉस २ धरतो, आणि १.४४ चा ड्राइव्ह निमूटपणे ७२० चा होतो. या आज्ञेतल्या 'ड्राइव्ह' शब्दाला शेवटचा ई नसतो; तो टाइप झाला तर सुरू होताना 'अनरेकग्नाइज्ड कमांड' असे येते आणि ओळ वाया जाते.

पहिला सापळा: ही ओळ डॉसला फक्त ट्रॅक आणि सेक्टरची संख्या सांगते, कंट्रोलरचा वेग बदलत नाही. २५० किलोबिटच्या कार्डावर /एफ:७ लिहिले तर यंत्र १८ सेक्टर मागते आणि 'इन्व्हॅलिड मीडिया ऑर ट्रॅक ० बॅड' म्हणून थांबते. ही चूक दिसली की कंट्रोलरच्या भागाकडे परत जा.

दुसरा सापळा ड्रायव्हर.सिसचा. कॉन्फिग.सिसमधली त्याची ओळ ड्राइव्हला नवे अक्षर देते, डी किंवा ई. सुरू होताना ते पडद्यावर दिसते. बी हे जुने अक्षर जुन्याच मापाने चालत राहते. बी वर १.४४ चालत नाही आणि ई वर चालते, तर बिघडलेले काही नाही. नवे अक्षर वापरा.

कार्ड बदलायचे नसेल तर

मग १.४४ चा ड्राइव्ह ७२० केबी म्हणून वापरा. हा पर्याय दुय्यम वाटतो खरा, पण एक्सटीवर तो अगदी भरवशाचा आहे. /एफ:२ लिहा, फ्लॉप्या मात्र खऱ्या डबल डेन्सिटीच्याच (७२० केबीच्या) घ्या, म्हणजे एकाच कोपऱ्यात भोक असलेल्या. ड्राइव्ह दुसऱ्या कोपऱ्यातल्या भोकावरून फ्लॉपीची जात ओळखतो आणि त्यानुसार लिहिण्याचा प्रवाह ठेवतो. हाय डेन्सिटी फ्लॉपी घातली की ड्राइव्ह ५०० ची तयारी करतो आणि कार्ड २५० ने लिहिते. अशी फ्लॉपी आज वाचली जाईल, उद्या नाही. भोकावर चिकटपट्टी लावून हाय डेन्सिटी फ्लॉपी ७२० ला वापरता येते, पण तिच्यावरचा चुंबकीय थर वेगळ्या ताकदीच्या लेखनासाठी बनवलेला असतो. फाइल इकडून तिकडे नेण्यापुरती ठीक, जपून ठेवायच्या माहितीसाठी नको. आधी १.४४ म्हणून वापरलेली फ्लॉपी असेल तर पट्टी लावण्याआधी चुंबकाने पूर्ण पुसून घ्या.

केबल: उलटी, सरळ आणि पिळाची

३४ तारांच्या पट्टीत लाल कडेची तार पिन १ ची. सगळ्या विषम तारा ग्राउंड, सम तारा सिग्नल. पीसीच्या केबलमध्ये १० ते १६ या तारा शेवटच्या कनेक्टरआधी उलट केलेल्या असतात. दोन्ही ड्राइव्हचा निवडीचा जम्पर डीएस१ वर ठेवायचा (० पासून मोजणी धरून). पिळाच्या पुढचा ए होतो, मधला बी. साडेतीन इंची ड्राइव्ह बहुधा कारखान्यातूनच डीएस१ वर येतात. डीएस० वर असलेला ड्राइव्ह जोडला तर त्याच्या निवडीच्या पिनेवर दुसऱ्या ड्राइव्हच्या मोटारची तार येते. मग एकाला हाक मारली की दिवा दुसऱ्याचा लागतो. अमिगा किंवा अटारी एसटी यंत्रातून काढलेले ड्राइव्ह हमखास असे असतात.

यंत्र सुरू केल्यापासून दिवा विझतच नाही, तर कनेक्टर उलटा बसला आहे. तेव्हा लगेच वीज बंद करा आणि त्या अवस्थेत ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालू नका. उलट्या केबलमध्ये प्रत्येक सिग्नल पिनेला ग्राउंड मिळते आणि या सिग्नलांना ग्राउंड म्हणजे 'चालू'. त्यात लिहिण्याचा हुकूम देणारी पिन २४ सुद्धा आली. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली असेल तो ट्रॅक पुसला जातो. नव्या ड्राइव्हची पहिली चाचणी नेहमी लेखन-बंद केलेल्या फ्लॉपीने करा, ती अशा वेळी पुसली जात नाही. पिनांच्या जागी पट्टीचा कनेक्टर देणारा जोडतुकडा वापरला असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. काहींना खाच नसते आणि ते दोन्ही बाजूंनी बसतात.

टोकाला लागणारा १५० ओहमचा रोध-संच जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हवर काढता-घालता येतो. साडेतीन इंचीवर साधारण १ किलोओहमचे रोध आतच असतात. दोन्ही जातीचे ड्राइव्ह एकाच केबलवर असतील तर सव्वापाच इंची रोध-संचासह टोकाला आणि साडेतीन इंची मध्ये, हीच मांडणी ठेवा.

फ्लॉपी बदलली, यादी जुनीच

ही तक्रार सर्वांत धोक्याची. यादी चुकीची दिसते एवढ्यावर ते थांबत नाही: डॉसकडे जुन्या फ्लॉपीचा फाइल-तक्ता असतो आणि तुम्ही काही साठवले तर तो तक्ता नव्या फ्लॉपीवर लिहिला जातो. नव्या फ्लॉपीवरच्या फाइली गेल्या. लक्षण दिसले की लिहिणे थांबवा. तात्पुरता उपाय म्हणजे फ्लॉपी बदलल्यावर डॉसच्या ओळीवर कंट्रोल-सी दाबणे. मग डॉस फ्लॉपी नव्याने वाचतो.

कारण पिन ३४. एटी पद्धतीत तिच्यावरून 'फ्लॉपी बदलली' हा सिग्नल जातो. काही ड्राइव्ह त्याच पिनेवर 'तयार आहे' असा सिग्नल देतात. अमिगाचे ड्राइव्ह बदलल्याचा सिग्नल पिन २ वर देतात. टीॲक एफडी-५५जीएफआरसारख्या ड्राइव्हवर त्यासाठी जम्पर असतो: आरवाय म्हणजे तयार, डीसी म्हणजे बदल. पीसीला डीसी हवा. जम्पर बरोबर असेल तर केबल पाहा. ३४ वी तार अगदी कडेची, घडी पडून तीच आधी तुटते.

सिग्नल खरोखर पोचतो का, हे डीबगने पाहता येते. बी ड्राइव्हसाठी असे करा:

१. हार्ड डिस्कवरून यंत्र सुरू करा, बी मधली फ्लॉपी काढा, डीबग चालू करा.
२. 'ओ ३एफ२ २डी' द्या. बी चा दिवा आणि मोटार लागेल. (ए साठी १सी.)
३. लगेच 'आय ३एफ७' द्या. उत्तर ८० किंवा त्याहून मोठे हवे (आकडे सोळाच्या मोजणीतले, त्यामुळे सी० किंवा एफएफही मोठेच). दिवा मध्येच विझला तर बायोसने मोटार बंद केली आहे, दुसरी पायरी पुन्हा करा.
४. बाहेर पडा, फ्लॉपी घाला, एकदा 'डिर बी:' करा.
५. पुन्हा डीबग, पुन्हा २ आणि ३. आता उत्तर ८० पेक्षा लहान हवे.

चौथी पायरी गाळू नका. नुसती फ्लॉपी घातल्याने हा सिग्नल जात नाही. फ्लॉपी आत असताना हेड एक पाऊल हलले की मगच तो उतरतो. दोन्ही वेळा ८० च्या खाली आले तर सिग्नल कार्डापर्यंत येतच नाही: जम्पर किंवा तार. दोन्ही वेळा एफएफ आले तर कार्डावर हे पोर्टच नाही, म्हणजे कार्ड एक्सटी जातीचे.

ड्राइव्हपार्मच्या ओळीत /सी लिहिले असेल तर डॉस या सिग्नलवर विसंबतो. पिन ३४ दुरुस्त होण्यासारखी नसेल तर /सी काढा.

वीज आणि बसवणे

साडेतीन इंचीच्या लहान कनेक्टरवर लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. एक पिन सरकून बसला तर ड्राइव्ह जळतो. दिव्याच्या उजेडात पाहूनच लावा. मोठ्या कनेक्टरवरून लहानावर येणारा जोडतुकडा घेतला तर ड्राइव्ह लावण्याआधी मल्टीमीटरने ५ आणि १२ मोजा. मूळ ५१५० चा वीजपुरवठा फक्त ६३.५ वॅटचा आहे, पण साडेतीन इंची ड्राइव्ह जुन्या पूर्ण उंचीच्या ड्राइव्हपेक्षा खूपच कमी वीज घेतो, तेव्हा त्याची चिंता नको. स्क्रू एम३ आणि आखूड घ्या. लांब स्क्रू आतल्या सरकत्या भागाला लागतो आणि फ्लॉपी अर्धवट बसते.

१.२ एमबीचा ड्राइव्ह लावला असेल तर

दोन गोष्टी वेगळ्या. तो मिनिटाला ३६० फेरे घेतो, म्हणून ३६० केबीची फ्लॉपी त्यात ३०० किलोबिटने वाचावी लागते, ९.६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल यासाठीच. १.२ च्या फ्लॉप्या चालतात आणि ३६० च्या नाहीत, तर ड्राइव्ह दोन वेगांच्या जम्परवर नाही ना पाहा: तो खालच्या घनतेला ३०० फेऱ्यांवर उतरत असेल आणि बायोस ३६० धरून चालत असेल तर वाचन जुळणार नाही.

दुसरे, त्याचे हेड अर्ध्या रुंदीचे (इंचाला ९६ ट्रॅक, ३६० केबीत ४८). जुन्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉपीवर त्याने पुन्हा लिहिले तर नव्या अरुंद पट्ट्याच्या कडेला जुना मजकूर उरतो, आणि जुना ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचून गोंधळतो. अशी फ्लॉपी द्यायचीच असेल तर चुंबकाने पूर्ण पुसून 'फॉरमॅट ए: /४' ने नव्यातच फॉरमॅट करा.

आता ड्राइव्हची पाळी

इथवर सगळे बरोबर असेल तरच ड्राइव्ह उघडा. १.४४ वर फॉरमॅट होत नाही पण डबल डेन्सिटी फ्लॉपी ७२० वर सुरळीत होते, तर भोक ओळखणारा लहानसा खटका धुळीने अडकला असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि बोटाने दाबून उसळतो का पाहा. आतल्या ट्रॅककडे जाताना अडखळतो तर हेड नेणाऱ्या स्क्रूवरचे वंगण सुकले आहे; जुने पुसून नवे अगदी थोडे लावा. हेड कापसाऐवजी धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, वरचे हेड जास्त उचलू नका, त्याची पातळ पट्टी एकदा वाकली की सरळ होत नाही. फ्लॉपीवर गोल ओरखडा उमटला तर तो ड्राइव्ह साफ होईपर्यंत दुसरी फ्लॉपी त्यात घालू नका.

शेवटी कोरी फ्लॉपी फॉरमॅट करा. १.४४ नीट झाली तर डॉस १४५७६६४ बाइट दाखवतो, ७२० ला ७३०११२, १.२ ला १२१३९५२. ती फ्लॉपी दुसऱ्या यंत्रावर वाचा आणि तिथली इथे. स्वतःच्या फ्लॉप्या वाचतो पण परक्या नाही, आणि त्याच्या फ्लॉप्याही इतरत्र वाचल्या जात नाहीत, असे झाले तर हेडची रेघ सरकली आहे. ती जुळवायला मोजमापाची खास फ्लॉपी आणि ऑसिलोस्कोप लागतो. ते हाताशी नसेल तर स्क्रू ढिले करून अंदाजाने फिरवू नका, दुसरा ड्राइव्ह लावा.